लैंगिकतेच्या मानसशास्त्राचा पेपर घेऊ का?

मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: पुढच्या सेमिस्टरच्या ऐच्छिक पेपरांत ‘मानवी लैंगिकतेचं मानसशास्त्र’ आहे. तो घेऊ का? वर्गात नेमकं काय शिकवतात? सगळ्यांसमोर स्वतःबद्दल बोलावं लागतं का? घरी काय सांगू? आणि पुढे त्याचा उपयोग काय?

मी हा पेपर बरीच वर्षं शिकवते आहे आणि त्याच्या जोडीने समुपदेशनही करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जरूर घे. फक्त एक गोष्ट आधीच मनाशी स्पष्ट असू दे. ‘लोक नेमकं काय करतात’ हे कळेल म्हणून पुष्कळ जण या वर्गात येतात. ते कळतं, पण ते दोन आठवड्यांचं काम आहे. बाकीचं सेमिस्टर जातं एका वेगळ्याच प्रश्नामागे. जी गोष्ट माणसं जिवाभावाच्या मित्रालाही सांगत नाहीत, ती शास्त्राला कळते कशी? कुणी विचारलं, कोणत्या शब्दांत विचारलं, उत्तर द्यायला कोण तयार झालं आणि कोण उठून गेलं? हे एकदा नीट समजलं की कुठलाही सर्व्हे तू पूर्वीसारखा वाचणार नाहीस. संशोधनपद्धती शिकण्यासाठी पदवीच्या अभ्यासक्रमात याच्याइतका चांगला पेपर नाही, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक ठिकाणी सुरुवात आल्फ्रेड किन्झी यांच्यापासून होते. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. गॉल वास्प नावाच्या चिमुकल्या कीटकांचे हजारो नमुने गोळा करायचे, एकेकाची मापं घ्यायची, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. १९३८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात ते विवाहविषयक अभ्यासक्रम शिकवायला लागले आणि विद्यार्थी जे प्रश्न घेऊन येत, त्यांची धड उत्तरं कुठल्याच पुस्तकात सापडेनात. मग कीटकांच्या बाबतीत जे केलं तेच त्यांनी माणसांच्या बाबतीत करायचं ठरवलं: एकेकाला भेटायचं आणि नोंद करायची. पुरुषांवरचा त्यांचा ग्रंथ १९४८ मध्ये आला, सुमारे ५,३०० जणांच्या मुलाखतींवर आधारलेला. स्त्रियांवरचा १९५३ मध्ये, ५,९४० जणींच्या मुलाखतींवर.

या आकड्यांपेक्षा मला त्यांची मुलाखत घेण्याची रीत जास्त महत्त्वाची वाटते. उत्तरं सांकेतिक चिन्हांत लिहिली जायची आणि त्या चिन्हांचा अर्थ कुठेही लिहून ठेवलेला नसे, तो मोजक्या सहकाऱ्यांना तोंडपाठ असे. कागद चोरीला गेला तरी कुणाचं गुपित फुटणार नाही, ही व्यवस्था. दुसरं असं की ‘तुम्ही हे कधी केलं आहे का?’ असं ते विचारत नसत. ‘पहिल्यांदा कधी केलंत?’ असं विचारत. केलं नसेल तर नाही म्हणण्याचं काम समोरच्याचं.

हा फरक मी पहिल्याच आठवड्यात वर्गात करून दाखवते, आणि त्यासाठी लैंगिक प्रश्न मुळीच वापरत नाही. विषय देते परीक्षेतल्या कॉपीचा. अर्ध्या वर्गाला चिठ्ठी मिळते: ‘तुम्ही परीक्षेत कधी कॉपी केली आहे का?’ उरलेल्या अर्ध्यांना: ‘शाळेपासून आजवर कॉपी करण्याचा मोह बहुतेकांना कधी ना कधी होतो. तुम्ही पहिल्यांदा कधी केलीत?’ चिठ्ठ्यांवर नाव नाही. उत्तरं फळ्यावर दोन रकान्यांत मांडायची. दोन्ही रकाने सारखे निघाले, असं माझ्या वर्गात अजून झालेलं नाही. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, मला पहिली चिठ्ठी आली असती तर मी ‘नाही’ लिहिलं असतं, आणि आपण खोटं लिहितोय हे माझ्या लक्षातही आलं नसतं.” त्या तासाचं सार तिने एका वाक्यात सांगितलं. लगेच दुसऱ्या एकाने हात वर केला: “पण दुसऱ्या चिठ्ठीने एखाद्याने न केलेली कॉपीही कबूल केली असेल.” तेही खरं. प्रश्न असा विचारला तरी झुकतो आणि तसा विचारला तरी झुकतो. कुठल्या बाजूला किती झुकतो, ते ओळखायला शिकायचं.

किन्झींच्या कामात मोठा दोष होता, तोही याच पेपरमध्ये शिकवला जातो. त्यांचा नमुना यादृच्छिक नव्हता, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी माणसं निवडलेली नव्हती. जे आपणहून बोलायला तयार झाले ते त्यांनी घेतले, आणि त्यांत तुरुंगातल्या माणसांचं प्रमाण बरंच होतं. १९५४ मध्ये विल्यम कॉक्रन, फ्रेडरिक मॉस्टेलर आणि जॉन ट्युकी या तीन संख्याशास्त्रज्ञांनी या पद्धतीची कसून चिकित्सा केली. म्हणून ‘इतके टक्के लोक असे असतात’ असा किन्झींचा आकडा कुणी आजही समाजाचा आकडा म्हणून सांगत असेल, तर कान टवकारायचे. असे आकडे सर्रास फिरत असतात.

यादृच्छिक नमुना घेऊन मोठे सर्व्हे व्हायला पुढे कितीतरी वर्षं लागली, आणि त्यालाही निमित्त झालं एड्सच्या साथीचं. रोग कसा पसरेल याचा अंदाज बांधायचा तर लोकांचे संबंध कसे असतात ते माहीत हवं, आणि ते कुणालाच माहीत नव्हतं. ब्रिटनमध्ये असा सर्व्हे ठरला तेव्हा सरकारने पैसे द्यायला नकार दिला. शेवटी वेलकम ट्रस्ट या आरोग्य-संशोधनाला पैसा देणाऱ्या धर्मादाय संस्थेने खर्च उचलला आणि १९९० ते ९१ मध्ये १८,८७६ लोकांच्या मुलाखती झाल्या. अमेरिकेतही सरकारी पैसा मिळाला नाही. तिथे खाजगी मदतीवर ३,४३२ जणांचा सर्व्हे झाला आणि तो १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ब्रिटनच्या या सर्व्हेची तिसरी फेरी २०१० ते १२ मध्ये झाली. तिच्यातलं एक कोडं मी वर्गाला हमखास घालते. आयुष्यभरात विरुद्धलिंगी जोडीदार किती, या प्रश्नाला पुरुषांच्या उत्तरांची सरासरी आली १४ च्या आसपास आणि स्त्रियांची ७ च्या आसपास. आता जरा विचार कर. स्त्री-पुरुष संबंधात दर वेळी एका बाजूला एक पुरुष असतो आणि दुसऱ्या बाजूला एक स्त्री. समाजात दोघांची संख्या साधारण सारखी असेल तर दोन्ही सरासऱ्याही सारख्याच यायला हव्यात. एक दुसरीच्या दुप्पट कशी? वर्गात पहिलं उत्तर येतं, ‘पुरुष फुशारकी मारतात.’ दुसरं येतं, ‘बायका लपवतात.’ दोन्हींत काही तथ्य आहे. पण या आकड्यांची उकल करणाऱ्या संशोधकांना आणखी कारणं सापडली. काही थोड्या लोकांनी प्रचंड मोठे आकडे सांगितले होते आणि त्यांनी सरासरी वर ओढली होती. ती टोकं छाटली की दरी काहीशी कमी होते. दुसरं कारण मला फार आवडतं, कारण ते इतकं साधं आहे: स्त्रियांमध्ये एकेक नाव आठवून मोजणाऱ्या जास्त, पुरुषांमध्ये अंदाजाने आकडा सांगणारे जास्त. मोजणाऱ्याच्या हातून एखादं राहून जातं, अंदाज करणारा वरच्या बाजूला सरकतो. खोटं कुणीच बोललेलं नसतं, तरी आकडा चुकलेला असतो. शिवाय अशा संबंधांविषयीची मतंही उत्तरात उतरतात. ज्याला ते गैर वाटतात, त्याला स्वतःचे कमी आठवतात.

याच्याच जोडीला २००३ मधला मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर यांचा प्रयोग वाच. त्यांनी कॉलेजच्या मुलामुलींचे तीन गट केले. एका गटाला वाटत होतं की आपलं उत्तर शेजारी बसलेला माणूस बघेल. दुसऱ्याला उत्तर पूर्ण गुप्त राहील असं सांगितलं होतं. तिसऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्राच्या तारा जोडल्या होत्या. ते यंत्र चालत नव्हतं, पण मुलांना ते माहीत नव्हतं. पहिल्या गटात मुलींनी सांगितलेली जोडीदारांची सरासरी २.६ होती, तिसऱ्या गटात ४.४. मुलांचा आकडा ३.७ वरून ४.० झाला. ‘स्त्री-पुरुषांच्या स्वभावातला फरक’ म्हणून जे सांगितलं जातं, त्यातला मोठा भाग उत्तर कोण ऐकतंय यावर अवलंबून होता. सर्व्हेचा तक्ता दिसला की या तीन खोल्या आठवाव्यात.

आता या पेपरमधली माझी सर्वांत आवडती गोष्ट. १९५० च्या दशकात समलैंगिकता हा मानसिक आजार आहे, असं वैद्यकशास्त्र धरून चाललं होतं. पुरावा काय? तर उपचारांसाठी आलेल्या समलैंगिक रुग्णांचा अभ्यास. एव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंना त्यांच्या एका समलैंगिक विद्यार्थ्याने गळ घातली: तुम्ही आम्हाला ओळखता, आमच्यासारख्या साध्यासुध्या माणसांचा अभ्यास करा. त्यांनी ३० समलैंगिक पुरुष निवडले, जे कुठल्याही उपचाराखाली नव्हते. वय, बुद्ध्यंक आणि शिक्षण जुळतील असे ३० विषमलैंगिक पुरुष निवडले. सगळ्यांना शाईच्या डागांची रोर्शा चाचणी आणि इतर प्रक्षेपण चाचण्या (संदिग्ध चित्रात काय दिसतं यावरून मनाचा अंदाज घेणाऱ्या) दिल्या. मग नावं झाकून ती उत्तरं नामांकित तज्ज्ञांपुढे ठेवली आणि विचारलं, यातले समलैंगिक कोण ते ओळखा. त्यांना ते ओळखता आलं नाही. मानसिक समायोजनाचे, म्हणजे आयुष्याशी जुळवून घेण्याचे, गुण दिले, त्यांतही दोन गटांत फरक निघाला नाही. हा निबंध १९५७ मध्ये छापून आला. १९७३ मध्ये अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. त्यामागे चळवळही होती, एकट्या निबंधाने हे झालं नाही. पण या प्रयोगात हूकरबाईंनी नवं यंत्र आणलं नव्हतं, नवी थिअरी मांडली नव्हती. नमुना कुठून घ्यायचा एवढंच त्यांनी बदललं. दवाखान्यात फक्त आजारी माणसं शोधलीत तर सगळे आजारीच दिसणार. हे मी कितीही वेळा शिकवलं तरी मला दर वेळी भरून येतं, कारण त्या एका चुकीच्या नमुन्यापायी पिढ्यान्‌पिढ्या माणसांवर नको ते उपचार झाले होते.

शरीराचा भाग अर्थातच आहे. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी ३८२ स्त्रिया आणि ३१२ पुरुषांच्या शारीरिक प्रतिसादाची प्रयोगशाळेत नोंद केली आणि १९६६ मध्ये चार टप्प्यांचं प्रारूप मांडलं. पुढे हेलन सिंगर कॅप्लन यांनी दाखवून दिलं की त्यात ‘इच्छा’ कुठेच नाही. रोझमेरी बॅसन यांनी २००० मध्ये म्हटलं की इच्छा नेहमी आधीच येते असंही नाही, कित्येकदा ती जवळिकीनंतर जागी होते. परीक्षेला ही तीन प्रारूपं हमखास येतात. प्रत्येकाने आधीच्यातली कोणती उणीव भरून काढली हे लक्षात ठेवलंस तर पाठांतराची गरज पडणार नाही.

या भागातली एक गोष्ट मात्र परीक्षेपुरती ठेवू नकोस. मन जे सांगतं आणि शरीर जे दाखवतं, ते एकच असेल असं नसतं. मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १३२ अभ्यास एकत्र करून पाहिले. शरीराची मोजलेली उत्तेजना आणि व्यक्तीने सांगितलेली उत्तेजना यांचा सहसंबंध (१ म्हणजे दोन्ही पूर्ण जुळतात, ० म्हणजे काहीच संबंध नाही) पुरुषांत ०.६६ निघाला, स्त्रियांत ०.२६. म्हणजे शरीराने प्रतिसाद दिला याचा अर्थ ते हवं होतं, असा होत नाही. हे वाक्य मी वर्गात सावकाश, दोनदा म्हणते. अत्याचार सोसलेल्या कित्येक जणी आणि कित्येक जण ‘माझ्या शरीराने साथ दिली, मग दोष माझाच’ हे ओझं वर्षानुवर्षं वाहत असतात. वर्गात असं कुणीतरी बसलेलं असू शकतं, आणि त्या व्यक्तीला हे कुणीही आजवर सांगितलेलं नसतं.

आता तुझ्या संकोचाकडे वळते. तो अगदी स्वाभाविक आहे आणि त्याचा मोठा भाग भाषेचा आहे. आपल्याकडे या विषयासाठी दोन तऱ्हेचे शब्द आहेत: एक शिवीगाळीतले, दुसरे वैद्यकीय संस्कृतातले. मधली वाट फारशी मळलेली नाही, जरी र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून आपल्या मासिकातून हे विषय सरळ मराठीत मांडायला सुरुवात केली होती. त्यामुळे मुलं एकदम इंग्रजीत शिरतात. पहिल्या तासाला मी ‘हस्तमैथुन’ हा शब्द फळ्यावर लिहिते. निम्मा वर्ग वहीत डोकं घालतो, कुणी पेनाचं टोपण काढत-घालत राहतं, एखादा पंख्याकडे बघतो. मी काही न बोलता दुसरा शब्द लिहिते, मग तिसरा. तिसऱ्या आठवड्यात तीच मुलं तेच शब्द वापरून ‘या अभ्यासाचा प्रतिसाद दर किती होता?’ असं विचारत असतात. हसू येतं, ते येऊ द्यावं. कुणाला हसायचं मात्र नाही, एवढा एकच नियम मी घालते.

प्रश्नांसाठी दाराजवळ एक खोका ठेवते. ज्यांना काही विचारायचं नसेल त्यांनीही कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे लिहिणारा कोण ते कळत नाही. सर्वांत जास्त चिठ्ठ्या एकाच प्रश्नाच्या निघतात, शब्द तेवढे बदलतात: ‘माझं हे नॉर्मल आहे का?’ त्यावर मी हो-नाही असं उत्तर देत नाही. ‘नॉर्मल’ म्हणजे सरासरीजवळचं, की निरोगी, की नैतिक? तीन वेगळे अर्थ आहेत आणि माणसं ते एकातच गुंडाळतात. एखादी गोष्ट फार कमी लोकांत आढळते म्हणून ती आजार ठरत नाही. आजच्या निदानपद्धतीत ‘त्या व्यक्तीला त्रास होतो का’ आणि ‘दुसऱ्या कुणाला इजा होते का, त्याची संमती आहे का’ हे प्रश्न आधी येतात.

स्वतःबद्दल बोलावं लागतं का? नाही. लागता कामाच नये. कुणा शिक्षकाने स्वतःचे अनुभव वर्गात सांगायला लावले किंवा अनुभवलेखनाला गुण ठेवले, तर ते चुकीचं आहे, मग हेतू कितीही चांगला असो. गुण देणाऱ्या माणसापुढे दिलेली संमती मोकळी नसते. माझ्याकडे विद्यार्थी जर्नल लिहितात, पण लिहायचं असतं वाचलेल्या अभ्यासाबद्दल. वर्गमैत्रिणींचे सर्व्हे परस्पर घेण्याचा मोहही टाळ. नीतिसमितीची परवानगी आणि लेखी संमती यांशिवाय ते काम करायचं नाही. तुझ्या हातात आलेलं कुणाचं गुपित हॉस्टेलभर झालं तर ते परत घेता येत नाही.

तुझ्या स्वतःच्या बाबतीत पूर्वी काही वाईट घडलं असेल तर लैंगिक अत्याचारावरचा घटक कोणत्या आठवड्यात आहे ते आधीच बघून ठेव. त्या दिवशी दाराजवळ बस, उठून जावंसं वाटलं तर जा. कारण सांगायची गरज नाही. शिक्षक कितीही आपुलकीने वागत असले तरी वर्ग ही उपचाराची जागा नव्हे. त्यासाठी समुपदेशक वेगळा हवा, आणि तो तुला गुण देणारा नसावा. काही जणांना हा पेपर एक वर्ष उशिरा घेणं बरं पडतं. तसं केल्याने काहीही बिघडत नाही.

घरी काय सांगायचं हे घरच्या माणसांवर आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने आईपुढे अभ्यासक्रमाचा कागदच ठेवला: संशोधनपद्धती, विकास, संमती, अत्याचार प्रतिबंध, निदान. आईने तो वाचला आणि थोड्या वेळाने विचारलं, “हे पाळी जाण्याच्या वयातलं पण असतं का यात?” असतं. दोघी त्या रात्री बराच वेळ बोलत बसल्या, असं तिने मला नंतर सांगितलं.

उपयोगाचं म्हणशील, तर एका पेपरने कुणी लैंगिक समस्यांचा थेरपिस्ट होत नाही. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि देखरेखीखालचं काम लागतं. पण क्लिनिकल, समुपदेशन, शाळा, सार्वजनिक आरोग्य, संशोधन, कुठेही गेलीस तरी हा विषय तुझ्यापुढे येणारच, आणि बहुतेक वेळा वेश बदलून. माझ्याकडे एक गृहस्थ झोप लागत नाही म्हणून येत होते. चार बैठका आम्ही झोपेवरच बोललो. चौथ्या दिवशी वेळ संपली, ते उठले, दाराच्या कडीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “बायकोजवळ जायची भीती वाटते, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?” तेव्हा माझी भुवई जराशी जरी वर गेली असती तर ते पुन्हा आले नसते. “असू शकतो. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू,” असं मी म्हटलं. ते आले.

जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत याच कामासाठी आहे: बोलायची परवानगी, मर्यादित माहिती, नेमक्या सूचना, आणि शेवटी सखोल उपचार. चौथी पायरी थोड्यांनाच लागते. कित्येकांचं काम पहिल्या दोन पायऱ्यांवर होतं, आणि त्या दोन पायऱ्या नर्सला, शिक्षकाला, कोणत्याही समुपदेशकाला नीट शिकता येतात. या पेपरमध्ये तू मुख्यतः त्याच शिकशील.

नाव नोंदवण्याआधी शिक्षकांना भेटून दोन गोष्टी विचार: वैयक्तिक अनुभवांना गुण आहेत का, आणि संशोधनपद्धतीला किती तास आहेत. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं आणि दुसऱ्याला घसघशीत तास असले, तर बिनधास्त नाव घाल. आणि सुट्टीत सरासरी आणि मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) यांतला फरक एकदा उजळून घे. दुसऱ्याच आठवड्यात ते १४ आणि ७ तुझ्यापुढे येतील.